बोला, खाणावळ

'उपान्त्य' स्थानकाच्या ध्वनिमार्गक-कक्षात उभं राहायला जागा नव्हती आणि बसायला गुरुत्वाकर्षण नव्हतं. म्हणजे होतं, पण सेरेस या लघुग्रहावर असतं तेवढंच. माणूस खुर्चीत बसला तरी ते खुर्चीला कळायला जरा वेळ जाई. निरंजन टिपणीस यांनी स्वतःला पट्ट्याने खुर्चीला बांधून घेतलं, घसा खाकरला आणि सात महिन्यांच्या प्रवासात पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं.

"फिरके मॅडम, या स्थानकावर दर काही दिवसांनी तेरा प्लेट भरीत मागवलं जातं आणि ते कोणीही न्यायला येत नाही. मुख्यालयाला याचं स्पष्टीकरण हवं आहे."

"मलाही," शलाका फिरके म्हणाली.

टिपणीस हे आंतरग्रहीय ध्वनिजाल महामंडळाचे तपासनीस. बेवारस भरिताच्या चौकशीसाठी पृथ्वीवरून लघुग्रहांच्या पट्ट्यात जाणारे ते पहिलेच मनुष्य, आणि हे आपल्याला ठाऊक आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मुख्यालयाची बाजूही समजण्यासारखी होती. इतक्या लांब एक वांगं पिकवायला जे पाणी लागतं, त्यात एक माणूस आठवडाभर आंघोळ करू शकतो. आणि स्थानकावरची माणसं आंघोळ करत नव्हती, हे टिपणीसांना आल्याआल्याच जाणवलं होतं.

"मी स्पष्ट बोलतो," ते म्हणाले. "स्थानकावरचे सगळे फोन तुमच्या ध्वनिमार्गकातून जातात. क्रमांक-योजना तुम्ही एकटीने लिहिलीत, ती बदलू शकणाऱ्याही तुम्ही एकट्याच. तेव्हा ही गंमत कोण करतंय याचा अंदाज मुख्यालयाने बांधलेला आहे. माझ्याकडे महामंडळाची प्रमाणित योजना आहे. तुमची पुसून ती बसवायची आणि परतीच्या यानात तुम्हाला सोबत न्यायचं, असा मला आदेश आहे. यान पाच दिवसांनी निघतं."

शलाकाने मान हलवली. तिचं वय सत्तावीस. गाव फैजपूर. तिने आयुष्यात एकच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण केली होती, ती म्हणजे ही क्रमांक-योजना. चारशे माणसं, आठ खाणी, तीन गोद्या आणि एक खाणावळ यांना एकमेकांशी बोलतं करणारी. नऊ वर्षांत एकही फोन चुकीच्या जागी लागला नव्हता. लोक कामाच्या भिंतीवर लेकराबाळांचे फोटो लावतात. तिच्या भिंतीवर मार्गनियम होते.

"पुसायच्या आधी वाचणार का?" तिने विचारलं.

"वाचली. मला सांगा, २३५७ लावला तर काय होतं?"

"ध्वनिमार्गकाचं काम एवढंच, की लावलेला नंबर कुणाचा ते ओळखायचं आणि फोन तिकडे ढकलायचा. ओळखायचं कसं ते मार्गनियमात असतं. एक नियम म्हणतो, दोनने सुरू होणारे सगळे चार आकडी नंबर गोदामाकडे. दुसरा म्हणतो, २३५७ खाणावळीकडे."

"मग हा नंबर दोन्ही नियमांत बसतो."

"बसतो. अशा वेळी ज्या नियमात जास्त आकडे नेमके जुळतात, तो जिंकतो. त्याला आम्ही दीर्घतम जुळणी म्हणतो. गोदामाच्या नियमात पहिला आकडाच नेमका आहे, खाणावळीच्या नियमात चारही. म्हणून फोन खाणावळीत."

"हे मला ठाऊक आहे. मी महामंडळात सव्वीस वर्षं आहे."

"मग विचारलंत कशाला?"

"तुम्हाला ठाऊक आहे का, ते बघत होतो." टिपणीसांनी पट्टा जरा सैल केला. "गोदामाच्या हजारात खाणावळ घुसवण्याचं कारण?"

"नंबर सुंदर आहे. दोन, तीन, पाच, सात. पहिल्या चार मूळ संख्या. ज्यांना एक आणि त्या स्वतः सोडून कोणी भागू शकत नाही, त्या. स्थानकावरच्या सगळ्यात महत्त्वाच्या जागेला सगळ्यात सुंदर नंबर दिला."

"स्थानकप्रमुखांचा नंबर काय आहे?"

"चार हजार चारशे अठरा. त्यांना कोणी फोन करत नाही."

प्रमाणित योजनेत खाणावळीला सहा हजार बारा दिला होता आणि त्यामागे चौदा सभासदांची समिती होती.

"आता ही टकटक," ते म्हणाले.

"ती इथली पद्धत आहे. खाणीत बाहेर काम करणाऱ्यांच्या हातमोज्यांची बोटं गाजराएवढी असतात. बटणं दाबता येत नाहीत. आणि सगळे एकदम बोलले की आवाज फाटतो, पण टकटक पोहोचते. म्हणून शिरस्त्राणावर ठोकायचं. दोनदा ठोकलं, थांबलं, तीनदा ठोकलं, थांबलं. ध्वनिमार्गक टकटक मोजतो, चार आकडे पूर्ण झाले की फोन लावतो. त्यापुढची टकटक ज्याला फोन लागला त्याच्याकडे जाते. खाणावळीत फोन घेणारं यंत्र आहे, त्याला आम्ही वाढपी म्हणतो. तो विचारतो कुठला पदार्थ, मग किती, मग पार्सल की इथेच. माणूस ठोकून उत्तर देतो. वाढपी तेवढंच उलट ठोकून खात्री करून घेतो."

"आणि कोणीतरी अकरा ठोकतं."

"अकरा नंबरचा पदार्थ भरीत. मग तेरा. म्हणजे तेरा प्लेट."

"आणि मग?"

"ते मी कधी ऐकलं नाही. फोन चोरून ऐकणं योजनेत बसत नाही."

टिपणीसांनी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. "ऐकू या," ते म्हणाले.

खाणावळ चालवायचे काशिनाथ सोनवणे. त्यांना सगळं स्थानक आबा म्हणे. वाढपीचा आवाजही त्यांचाच, एकदा भरून ठेवलेला. टिपणीसांवर आबांचा राग होता, कारण ते न कळवता आले होते. अचानक तपासणी ही अचानकच करायची असते, असं टिपणीसांनी समजावून पाहिलं. आबांना ते पटलं नाही.

"आमच्याकडे पाहुणा येतो तेव्हा आधी फोन करतो," आबा म्हणाले. "तुम्ही उतरलात तेव्हा माझ्याकडे फक्त खिचडी होती. मग तुम्ही पृथ्वीवर जाऊन सांगणार, उपान्त्यला गेलो, खिचडी खाल्ली."

"मी चवीबद्दल काही लिहिणार नाही."

"लिहायचं नाही म्हणजे? एवढ्या लांब येऊन चवीबद्दल लिहिणार नाही?"

"आबा," शलाका मध्ये पडली, "ते तेरा प्लेटवाले गिऱ्हाईक. त्यांच्याबद्दल विचारायला आलेत."

आबांचा चेहरा बदलला. त्यांनी झारा खाली ठेवला. तो सावकाश खाली गेला. "भला माणूस आहे कोणीतरी," ते म्हणाले. "वर्ष होईल आता. चहा नाही, पोहे नाहीत, दुसऱ्या पदार्थाकडे बघायचं नाही. फक्त भरीत. इथे जाळ करू देत नाहीत म्हणून मी वांगी विजेच्या तारेवर भाजतो. आमच्याकडे तुरीच्या काड्यांवर भाजतात, ती चव यायची नाही. मला वाटलं होतं इथे कोणाला ते आवडणार नाही. पण हा माणूस थांबतच नाही, भो."

"तो न्यायला येत नाही," टिपणीस म्हणाले.

"कामात असेल."

"वर्षभर?"

"खाणीतली कामं तुम्हाला माहीत नाहीत," आबा म्हणाले, आणि टिपणीसांना न विचारता त्यांच्यासमोर भरिताची प्लेट ठेवली. पुरी उडून जाऊ नये म्हणून तिच्यावर वाटी उपडी घातलेली होती.

दोन दिवस काही झालं नाही. टिपणीस तिन्ही वेळा खाणावळीतच जेवले, तपासणीचा भाग म्हणून. भरिताबद्दल ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून अजून थोडं मागितलं आणि आबांनी ते कोणाला न सांगता लक्षात ठेवलं.

त्याच दुपारी, खाणावळीत जेवण चालू असताना, २३५७ वाजला. शलाकाने फोन भिंतीवरच्या कर्ण्यावर घेतला.

"बोला, खाणावळ," वाढपी आबांच्या आवाजात म्हणाला. "पदार्थ कोणता?"

त्याचं बोलणं संपायच्या आधीच टकटक सुरू झाली होती. कोरडी, एका मापाची, अजिबात घाई नसलेली. अकरा. वाढपीने अकरा वेळा उलट ठोकलं. "किती?" तेरा. "पार्सल असेल तर एकदा ठोका, इथेच बसून खाणार असाल तर दोनदा." त्याने नमुन्यादाखल एकदा आणि मग दोनदा ठोकून दाखवलं. पण पलीकडचं ठोकणं थांबलं नव्हतं. ते चालूच होतं.

"सतरा," शलाका पुटपुटली.

"काय ते कळलं नाही," वाढपी म्हणाला. "पार्सल धरतो. धन्यवाद." आणि त्याने फोन ठेवला.

टिपणीसांचा घास हातात राहिला होता. सव्वीस वर्षं ज्या माणसाने आकड्यांच्या रांगा तपासल्या, त्याला रांग ओळखायला फार वेळ लागत नाही.

"दोन, तीन, पाच, सात," ते सावकाश म्हणाले. "अकरा. तेरा. सतरा."

"पुढे एकोणीस असणार," शलाका म्हणाली. "पण त्याआधीच वाढपी फोन ठेवतो."

"फोन कुठल्या ओळीवरून आला?"

तिने ओळींची नावं दाखवणाऱ्या हातातल्या पाटीवर पाहिलं. मग पाटी पुसली आणि पुन्हा पाहिलं. "अन्त्य."

"अन्त्य काय?"

"अन्त्य स्थानक."

"ते कुठे आहे?"

"कुठेच नाही," शलाका म्हणाली. "ते बांधलंच नाही."

आता टिपणीसांना सगळं आठवलं. 'उपान्त्य' हे शेवटून दुसरं स्थानक. शेवटचं 'अन्त्य', गुरूच्या पलीकडे व्हायचं होतं. त्याच्याशी बोलायची मोठी तबकडी इथे उभी राहिली, ध्वनिमार्गकात त्याच्यासाठी ओळ ठेवली गेली, आणि मग पृथ्वीवर सरकार बदललं. अन्त्य रद्द झालं. नाव बदलायला मात्र कोणाला सुचलं नाही, त्यामुळे सूर्यमालेतलं शेवटचं स्थानक अजूनही स्वतःला शेवटून दुसरं म्हणवून घेतं.

"आणि ती ओळ तुम्ही नऊ वर्षं चालू ठेवलीत."

"काढवेना," शलाका म्हणाली. "प्रत्येक ओळ अधूनमधून पलीकडच्या टोकाला विचारते, आहे का कोणी? दोनदा ठोकते आणि वाट बघते. उत्तर आलं तर ओळ जिवंत. ही ओळ नऊ वर्षं तबकडीतून बाहेरच्या अंधारात विचारत होती. मी म्हटलं, विचारू दे. तिचं काय जातंय."

आबांनी कढईत पुरी सोडली.

"म्हणजे कोणीतरी उत्तर दिलं," टिपणीस म्हणाले.

"त्यांनी दोन टकटक ऐकल्या. त्या कोणी मुद्दाम ठोकल्यात की आपोआपच्या आहेत, त्यांना कळेना. मग आपण विचार करणारे आहोत हे सांगायला त्यांनी काय म्हणायचं? आपली भाषा त्यांना येत नाही, हातपाय कसे असतील कोण जाणे. पण सातला कोणी भागत नाही हे जगाच्या पाठीवर कुठेही खरं. मूळ संख्या ओळीने म्हटल्या की समोरच्याला कळतं, इथे कोणीतरी डोकं चालवतंय. त्यांनी सुरुवात केली. दोन, तीन, पाच, सात. चार आकडे झाले." ती थांबली. "आणि माझ्या योजनेने त्यांना खाणावळीत जोडून दिलं."

"आणि खाणावळीने सतराव्या ठोक्याला त्यांच्या तोंडावर फोन ठेवला."

"वर्षभर."

"मानवजातीच्या वतीने," टिपणीस म्हणाले आणि त्यांनी घास तोंडात घातला, कारण आता दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

आबा कढईपाशी उभे राहून सगळं ऐकत होते. "म्हणजे त्याला भरीत नको होतं?" त्यांनी विचारलं.

आबांनी गॅस नसलेल्या शेगडीचं बटण बंद केलं आणि मागच्या खोलीत जाऊन कांदे मोजत बसले.

दुसऱ्या दिवशी टिपणीसांनी प्रमाणित योजना उघडली. शलाका समोर बसली होती. यान निघायला एक दिवस उरला होता.

"नियम माझ्यासमोर आहेत," ते म्हणाले. "ज्या ओळीच्या पलीकडच्या टोकाकडून उत्तर येत नाही, ती काढून टाकावी. कालपासून तुमच्यावर पहिला आक्षेप हाच."

"हो."

"पण उत्तर येतंय. पलीकडचं टोक आपलंच असावं, असं नियमात कुठेही म्हटलेलं नाही." त्यांनी पान उलटलं. "दुसरा आक्षेप, खाणावळीला गोदामाच्या हजारात नंबर दिला. काल मी बसून विचार केला. ही प्रमाणित योजना इथे असती, तर तो फोन दोनच्या नियमाने गोदामात गेला असता. तिथे कोण आहे?"

"नटबोल्ट. आणि एक उचलयंत्र, त्याला फोन घेता येत नाही."

"अनोळखी जगातून पहिला फोन आला असता आणि नटबोल्टांमध्ये वाजत राहिला असता. कोणाला कळलंही नसतं." टिपणीसांनी नियमांचं पान बंद केलं. ते गर्वाने बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी आवाज उलट आणखी सपाट केला. "मी महामंडळाच्या समितीत होतो, मॅडम. चौदातला एक. सहा हजार बारा मी सुचवला होता. तुमचा नंबर जास्त चांगला आहे. योजना राहील. तुम्हीही राहाल. आता वाढपीला फोन ठेवायची खोड आहे, तिचं काय करता येईल ते सांगा."

बदल एकच होता : अन्त्यच्या ओळीवर उत्तर कळलं नाही तरी फोन ठेवायचा नाही, पुन्हा विचारायचं आणि लागेल तितका वेळ थांबायचं. स्थानकाच्या रीतीप्रमाणे शलाकाने बदल मोठ्याने वाचला आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक ओळीला हं म्हटलं. टिपणीस इतक्या वर्षांत कुणाच्या बदलाला पहिल्यांदाच हं म्हणत होते. शेवटचं हं जरा लांबलं.

परतीचं यान त्यांच्याविनाच गेलं.

पुढचा फोन आला तेव्हा अर्धं स्थानक खाणावळीत होतं. अकरा. तेरा. सतरा. तिथे टकटक थांबली; सतराच्या पुढे फोन राहत नाही हे वर्षभरात त्यांनाही कळलं असावं.

"काय ते कळलं नाही," वाढपी म्हणाला. "पार्सल असेल तर एकदा ठोका." टक. "इथेच बसून खाणार असाल तर दोनदा." टक टक. आणि तो थांबला.

सगळेच थांबले. लोकांची जेवणं झाली, चहा झाला, कोणीतरी पत्ते काढले. टिपणीस घड्याळाकडे बघत होते. "आवाज रेडिओलहरींवर जातो," ते शेजारच्या खाणकामगाराला समजावत होते, "आणि रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने. जितका वेळ उत्तराला, त्याच्या निम्मा वेळ जायला. त्यावरून ते किती लांब आहेत ते कळेल." खाणकामगार म्हणाला, "साहेब, तुमची उतारी आहे."

संध्याकाळचं जेवण लागलं तेव्हा कर्ण्यातून उत्तर आलं.

टक टक.

"दोन," टिपणीस म्हणाले. "दोनच का? त्यांना आपला प्रश्न कळलेला असणं शक्य नाही."

"त्यांना फक्त एवढं कळलं, की सतरा चालत नाही, एक किंवा दोन चालतं," शलाका म्हणाली. "एक ही मूळ संख्या नसते. दोन असते. त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता."

"इथेच बसून," वाढपी खुशीत म्हणाला. आबांनी ते वाक्य खुशीतच भरून ठेवलं होतं. "टेबल लावतो. गोदी तीनचा दिवा लावतोय, त्याच्या रोखाने या. किती जण?"

शलाकाचा हात तोंडाकडे गेला. बाहेरून फोन करून इथेच बसून खाणारे म्हणजे गाड्यांमधून येणारे खाणकामगार; त्यांना वाट दिसावी म्हणून ज्या दिशेने फोन आला त्या दिशेला गोदीचा मार्गदीप आपोआप वळावा, असा नियम तिनेच लिहिला होता. काचेबाहेर निळा झोत सावकाश फिरला, खाणी ओलांडून वर गेला आणि काळ्याशार आकाशातल्या एका रिकाम्या जागेवर स्थिर झाला.

"आपण आत्ता काय केलं?" टिपणीसांनी विचारलं.

"जेवायला बोलावलं," शलाका म्हणाली.

वाढपीच्या प्रश्नाचं उत्तर मध्यरात्र उलटून गेल्यावर आलं. सतरा टकटक. ज्या आकड्यावर त्यांना अडवलं होतं, तिथूनच त्यांनी पुढे सुरू केलं होतं.

मागच्या खोलीतून आबा बाहेर आले. ते कुठल्याच मूळ संख्येत पडले नाहीत. "सतरा जण आणि तेरा प्लेट?" ते म्हणाले. "असं कुठे असतं? माझ्याकडून कोणी अर्धपोटी उठलेलं नाही." त्यांनी वांग्यांची टोपली पुढे ओढली.

"आबा, ते नुसते आकडे म्हणतायत. त्यांना ना भरीत माहीत, ना किती जण माहीत," टिपणीस म्हणाले.

"तुम्हालाही माहीत नव्हतं," आबा म्हणाले. "आणि आता तिन्ही वेळा खाता."

बातमी पृथ्वीवर पोहोचली तेव्हा मुख्यालयाने आधी ती खोटी आहे असं कळवलं, मग खरी आहे असं जाहीर केलं आणि मग तातडीने एक ध्वनिफीत पाठवली. वेगवेगळ्या देशांच्या मान्यवरांची स्वागतपर भाषणं एकापाठोपाठ एक भरलेली. सूचना अशी, की यापुढे २३५७ वर खाणावळीऐवजी ही भाषणं वाजावीत. आबांना याचं वाईट वाटलं, पण ते म्हणाले, मोठी माणसं आहेत, बोलू दे.

शलाकाने ध्वनिफीत ऐकली. पहिल्या मान्यवराच्या आभारप्रदर्शनापर्यंतच तिचा चहा गार झाला.

"मी हे लावणार नाही," ती म्हणाली. "त्यांनी नंबर लावला, आपण फोन घेतला. बोला, खाणावळ. या शब्दांना त्यांनी वर्षभर उत्तर दिलंय. पुढच्या वेळी फोन घेणारा भलताच निघाला तर त्यांना वाटेल राँग नंबर. नऊ वर्षांत माझ्याकडे एकही राँग नंबर नाही."

"तुम्ही असं मुख्यालयाला कळवू शकत नाही," टिपणीस म्हणाले. "मी कळवतो." आणि त्यांनी लिहिलं : मार्गनियमात बदल केल्यास संपर्क तुटण्याचा संभव आहे. बदलाची वैयक्तिक जबाबदारी घेण्यास जे तयार असतील, त्यांनी नावासह कळवावे.

मुख्यालयाकडून पुन्हा कधीच काही आलं नाही.

फोन मात्र येत राहिले. प्रत्येक वेळी तेच. भरीत, तेरा प्लेट, इथेच बसून, सतरा जण. एवढ्यात टिपणीसांनी एक गोष्ट टिपली आणि दोन फोन होईपर्यंत ती कोणाला सांगितली नाही. वाढपीने विचारल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ दर फोनला कमी होत होता. आधी दुपारपासून संध्याकाळपर्यंत. मग एक डुलकी काढण्याएवढा. मग पत्त्यांचा एक डाव. मग वांगं भाजून होईपर्यंत.

"आपली उपकरणं तर बिघडली नसतील ना?," शलाका म्हणाली.

"प्रकाशाचा वेग बदलत नाही," टिपणीस म्हणाले. "बदलतंय ते अंतर."

दोघं काचेपाशी गेली. निळा झोत अजून त्या रिकाम्या जागेवरच होता. फक्त ती जागा आता अगदीच रिकामी वाटत नव्हती. झोताच्या टोकाला काहीतरी होतं, आणि झोत त्याच्या अंगावर पडून परत येत होता.

स्थानकप्रमुखांना कळवायला हवं होतं. त्यांचा नंबर कोणाला पाठ नव्हता, त्यामुळे शलाकाला योजना उघडावी लागली.

त्या दिवशी आबांनी शेतघरातली होती नव्हती तेवढी वांगी काढली. सतरा प्लेट, वर दोन जास्तीच्या, कारण पाहुण्यांबरोबर गाडी चालवणारा असतो आणि त्याला लोक विसरतात. प्रमुखांनी गणवेश घातला होता आणि कुठे उभं राहायचं ते त्यांना कोणी सांगत नव्हतं. खाणकामगारांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आंघोळ केली. टिपणीसांनी टेबलं पुसली. शलाका पाटी हातात घेऊन बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर, नऊ वर्षं पुरी केलेल्या आपल्या लेकराला पहिल्यांदाच कोणीतरी मोठं म्हटल्यावर आईच्या चेहऱ्यावर असतं, तसं काहीतरी होतं.

२३५७ वाजला.

"बोला, खाणावळ," वाढपी म्हणाला. "पदार्थ कोणता?"

अकरा. तेरा. मग, वाढपीने विचारल्याबरोबर, श्वासाचंही अंतर न ठेवता : टक टक.

शलाकाने ओळ पाहिली. पाटीवर अन्त्य नव्हतं. तिथे लिहिलं होतं : गोदी तीन, बाहेरचं दार.

आबांनी हात पुसले, कर्ण्यापाशी आले आणि वाढपीला बंद करून स्वतःच्या आवाजात म्हणाले, "या, या. दार उघडंच आहे. टेबल लावलंय."

मग दाराकडे जाता जाता ते टिपणीसांपाशी थांबले.

"बघा साहेब," ते म्हणाले. "किती लांबून आले. पण फोन करून आले."